एकीनं कापायचं, एकीनं उचलायचं

१

आमच्या घरात वाटणीचा नियम एकच होता. एकीनं कापायचं आणि दुसरीनं आधी उचलायचं. आम्ही दोघी बहिणी एका बिस्किटावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायचो, तेव्हा आई एकदा वैतागून म्हणाली, "मोठी कापेल, धाकटी उचलेल. आता तोंडं बंद." नियम चांगलाच होता. उरलेला तुकडा आपल्या पदरात पडणार म्हटल्यावर कापणारी झक मारत मधोमध कापते.

पण आमची धाकटी म्हणजे धाकटीच. बशी समोर आली की ती एका बोटानं अर्धी फिरवायची, मला उगाच ताटकळत ठेवायची, आणि मग लहान तुकडा उचलून म्हणायची, "एवढंच बास." दर वेळी लहानच. मी सात वर्षांची असताना हे माझ्या लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावर मी काय केलं? मधोमध कापणं सोडून दिलं.

पुढे मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर झाले. बाई असून मास्तर, हा तिथला नेहमीचा विनोद. चाळीस थर एकावर एक ठेवून कापते, सुताचा फरक पडत नाही. धाकटी त्याच कारखान्यात काजं-बटणं करायची. तेव्हा माझ्या हातून पाव चुकून लहान-मोठा कापला गेला, असं कुणी म्हणू नये. माझ्या हातून चुकून काही कापलं जात नाही.

ती हॉस्पिटलात होती तेव्हाही मीच कापलं. संध्याकाळचे दोन तास माझे, बाकीचा दिवस तिचा तिनं काढायचा. "एवढंच बास, ताई," ती म्हणाली. सकाळी अकराला गेली. अकराची वेळ माझ्या वाट्यातली नव्हती.

२

डोंगरातल्या त्या आठ खोल्यांच्या हॉटेलात आम्ही दोघी बारा वर्षं जात होतो. सीझन संपला की दर निम्म्यावर यायचे, आमच्या कारखान्यातही तेव्हा काम मंद असायचं. चार दिवस आयतं खायचं, झोपायचं, आणि जगाच्या नावानं बोटं मोडायची. यंदा धाकटी नव्हती. तिची मुलगी होती, नऊ वर्षांची, एरवी या चार दिवसांत शेजारणीकडे राहणारी. बाप तिच्या जन्माआधीच पसार झालेला, त्यामुळे आता ती माझ्याकडे. अंगानं एवढीशी आणि जिभेनं झणझणीत, म्हणून तिच्या आईनंच तिचं नाव लवंगी पाडलं होतं.

माझ्या पर्समध्ये एका वसतिगृहाच्या शाळेचा फॉर्म होता. भरलेला, फक्त सही बाकी. माझी एक खोली, माझा तिरसट स्वभाव, बारा-बारा तासांचं काम. मी पोर कशी वाढवणार? चांगलंचुंगलं खायला घालून इथेच तिला सांगायचं, असं ठरवून आले होते.

हॉटेलच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "या या! चार नंबरच ठेवलीय तुम्हा दोघींना." मग माझ्यामागे लवंगी दिसली, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"गेली," मी म्हटलं. "हिवाळ्यात."

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि आमची बॅग स्वतःच उचलून आत निघाल्या.

जेवणाच्या दालनात सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घातल्या होत्या. खिडकीजवळचं एकच टेबल मांडलेलं, आमचं. बाहेर धुकं इतकं, की फाटकाचा खांबसुद्धा दिसेना. स्वयंपाकघरातून सूप उकळल्याचा वास येत होता, आणि कुठलीतरी नळी मधूनच ठक ठक करायची. मालकीणबाईंनी सफरचंदाचा केक अख्खाच आणून ठेवला, बाजूला सुरी.

"तुम्हीच कापता ना, म्हणून तसाच आणला," त्या म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांचाच चेहरा पडला.

मी दोघींपुरता एक मोठा तुकडा काढला आणि त्याचे दोन केले. हाताला सवयच ती, एक मोठा, एक लहान. लवंगीनं बघितलंसुद्धा नाही, झडप घातली. "मोठा माझा!"

मला हसू आलं. जन्मात पहिल्यांदा लहान तुकडा माझ्या वाट्याला आला होता. म्हटलं, बरी जिरली. तेवढ्यात किटलीतलं गरम पाणी संपलं म्हणून मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. परत आले तर बशी रिकामी.

"दोन्ही गिळलेस गं?"

"नाही मावशी, माझा तर अजून हातात आहे." खरंच होता.

मालकीणबाई तर माझ्यासमोरच किटली भरत होत्या. असेल, मीच खाल्ला असेन चालता चालता, दिवसभराचा प्रवास झालाय. पण सुरी मी बशीच्या उजव्या कडेला ठेवली होती. आता ती डाव्या कडेला होती. कुणीतरी बशी अर्धी फिरवली होती.

३

चार नंबरच्या खोलीत एक मोठा पलंग हीटरशेजारी आहे आणि एक अरुंद खाट खिडकीखाली. मोठा पलंग बारा वर्षं माझा. लवंगीला मी माझ्याजवळच घेतलं. रात्र शांत गेली. सकाळी उठले तर खिडकीखालच्या खाटेची चादर मधोमध चुरगळलेली. पोर खिडकीतून बघायला चढली असेल, मी स्वतःला सांगितलं.

मोरीत नवी साबणाची वडी एकच होती. आदल्या संध्याकाळी मी तिचे दोऱ्यानं दोन भाग केले होते. सकाळी मोठा भाग लवंगीनं वापरला, तो ओला. माझा मी अजून हातात घेतला नव्हता. तरी तोही ओला होता, वर फेस होता.

नाश्त्याला गरम पाव आला. मी कापला. लवंगीच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली म्हणून खाली वाकले, गाठ मारली, वर बघते तर लहान अर्धा गायब. पोरीचे दोन्ही हात टेबलावर, तोंड रिकामं.

आता माझ्या मनात पाल चुकचुकली, पण ती भलतीच. मला वाटलं, ही पोर चोरतेय. आई गेलेली मुलं खायचं लपवून ठेवतात, असं कुणीतरी मला सांगितलं होतं. ती दात घासायला गेली तशी मी तिची बॅग पलंगावर उलटी केली. फ्रॉक, वही, मोजे, आणि धाकटीचा बटणांचा जुना डबा. तोही उघडून उपडा केला, बटणं जमिनीवर घरंगळली. पावाचा कण नाही.

वळले तर लवंगी दारात उभी. तोंडाला पेस्टचा फेस, डोळ्यांत पाणी.

"मावशी, मी चोर नाही."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग माझा डबा का उघडलास?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खाली बसून एकेक बटण वेचून मी डब्यात भरत राहिले.

४

दुपारी पोर मालकीणबाईंबरोबर कोंबड्या बघायला मागच्या अंगणात गेली. मी खोलीचं दार आतून लावलं. मी अडाणी नाही. कापड कमी भरलं तर कुठे गेलं ते मी शोधून काढते. पर्समध्ये मोजायची टेप कायम असते. नाश्त्यातून आणलेला पाव मी मापून कापला, सुतात सूत. दोन्ही तुकडे बशीत ठेवले, खिडकीकडे तोंड करून दहा आकडे मोजले, वळले. दोन्ही जागच्या जागी.

झालं की! हसले मी मोठ्यानं. उंदीर असेल, नाहीतर माझंच डोकं ठिकाणावर नाही. मग दुसरा पाव घेतला आणि माझ्या नेहमीच्या हातानं कापला. एक मोठा, एक लहान. खिडकीकडे वळले. बाहेर धुक्यात कोंबड्यांचा आणि लवंगीचा आवाज येत होता. सात आकड्यांपर्यंत आले तेव्हा मागे बशी टेबलावर घासल्याचा बारीक आवाज झाला. चिनी मातीच्या बशीचा तो आवाज मी आयुष्यभर ऐकलाय.

मी दहा पुरे केले. वळायला धीर होईना, तरी वळले. लहान तुकडा नव्हता. दाराची कडी आतून होती.

भीती वाटली का? वाटली. मी पलंगाची कड धरून बसले. पण खरं सांगते, त्याहून जास्त रडू आलं. आठ महिने मी रडले नव्हते, त्या दिवशी सगळं एकदम आलं.

"अगं, एकदा तरी मोठा घे की!" मी त्या रिकाम्या खोलीत ओरडले. "मेल्यावर तरी घे!"

मोठा तुकडा बशीत तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून कापतच होते. सफरचंद, चीज, अंडं, बटाटा. कुणाला वेडेपणा वाटेल, वाटू दे. लवंगी म्हणाली, "मावशी, तू किती कापतेस!" मी म्हटलं, "सवय गं." कितीदा तरी मी मोठा तुकडा पुढे सरकवला आणि तोंड फिरवलं. कितीदा तरी लहानच गेला. मालकीणबाई बशा उचलताना माझ्याकडे बघायच्या आणि नव्या बशा आणून ठेवायच्या. जेवणाच्या वेळी त्यांनी माझ्यासमोरची तिसरी खुर्ची खाली उतरवून पुसून ठेवली. तो एक दिवस मी सुखात होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

५

तिसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी मात्र मला बोलणं भाग होतं. उद्या निघायचं होतं. मालकीणबाई केक ठेवून आत गेल्या. मी सुरी घेतली आणि कापता कापताच विषय काढला. हातात काम असलं की मला बोलायला सोपं जातं.

"लवंगे, एक चांगली शाळा आहे. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं. खूप मैत्रिणी."

"आणि तू?"

"मी कामावर. सुट्टीत तू माझ्याकडे यायचंस की."

"सुट्टी म्हणजे किती?"

"दोन महिने."

तिनं बोटं मोजली. मला वाटलं आता भांडेल, लाथा झाडेल, मला चेटकीण म्हणेल. तिनं ते करायला हवं होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "वर्षातले दोनच?"

"हे बघ, माझी एक खोली. माझं काम. मला नाही गं जमत पोरंबाळं. तुझ्या भल्याचंच सांगतेय."

"मला थंडी वाजतेय. स्वेटर घालून येते," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उतरून जिन्याकडे गेली. तिच्या बुटांचा आवाज एकेक पायरी वर गेला.

मी केककडे बघितलं. दोन तुकडे होते. एक मोठा, एक लहान. मी खिडकीकडे तोंड केलं, दहा मोजले, वळले. दोन्ही होते. पुन्हा वीस मोजले. लहान तुकडा जिथल्या तिथं, बशी जशीच्या तशी, सुरी उजवीकडेच.

पहिल्यांदा वाईट वाटलं. म्हटलं, रागावली असेल माझ्यावर, गेली असेल निघून. आणि मग माझं लक्ष लवंगीच्या खुर्चीकडे गेलं. ती उतरली तेव्हा खुर्ची टेबलाकडे तोंड करून होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. आता तिचं तोंड जिन्याकडे होतं. खुर्ची अर्धी फिरली होती.

मी काय कापलं होतं ते मला तेव्हा कळलं. केक नव्हे, पोर.

६

जिना मी कसा चढले मला आठवत नाही. चार नंबरचं दार नुसतंच लोटलेलं होतं.

लवंगी खिडकीखालच्या अरुंद खाटेवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरलेले आणि हनुवटी वर. लहान मुलाच्या स्वेटरची बटणं कुणी लावत असलं की ते जसं बसतं ना, तशी. मी बाजूनं एक पाऊल पुढे टाकलं. तिच्यासमोर खाटेची चादर दबली होती, कुणीतरी बसल्यासारखी. आणि स्वेटरची बटणं लागत होती, खालून वर. अख्ख्या कारखान्यात बटणं खालून वर लावणारी एकच बाई होती. मला बोटं दिसली, असं मी म्हणणार नाही. काजं ताणली जाताना दिसली. एक लागलं. दुसरं लागलं. प्रत्येक बटणाबरोबर पोर थोडी पुसट होत होती, की खिडकीतलं धुकं आत येत होतं, मला सांगता येत नाही.

वरचं एकच बटण उरलं होतं.

"नाही!" मी ओरडले. "ही नाही! ही वाटणीत नाही!" पर्समधून तो फॉर्म काढून मी टराटरा फाडला. "हे बघ, फाडला. मी कापलंच नाही काही. ही अख्खी माझी आहे, बारा महिने माझी. धाकटे, एवढं एकदा माझं ऐक. आयुष्यभर तुझं घेतलं, कबूल आहे मला. जाणून घेतलं. पण हिला ठेव."

खोलीत हीटरची घरघर तेवढी चालू होती. वरचं बटण काजात अर्धं शिरलेलं, तसंच थांबलं. मग खाटेची चादर हळूहळू वर आली.

मी लवंगीला ओढून छातीशी धरलं. स्वेटर बाहेर वाळत टाकल्यासारखा गार होता. ती आधी धडपडली, मग हुंदके देऊन रडायला लागली.

"का आलीस तू? एकच राहिलं होतं."

"बाळा, मी तुला कुठं पाठवत नाही. घरी जायचंय आपल्याला, दोघींना."

ती खूप वेळ रडली. मग एकदम गप्प झाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, मीच लहान असल्यासारखी.

सकाळी निघताना मालकीणबाईंनी केक बांधून दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लवंगीचा गालगुच्चा घ्यायला त्या वाकल्या, आणि का कोण जाणे, हात तसाच मागे घेतला.

७

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. पोर माझ्याकडेच आहे. मी रात्रपाळी सोडली, खोलीत दुसरा पलंग घेतला. तिनं आपण होऊन अरुंद तेवढा घेतला, खिडकीखालचा. शेजारणी म्हणतात, मुलगी किती गुणी, आवाज नाही की हट्ट नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, फार समजूतदार. मी मान हलवते. लवंगी म्हणून हाक मारते तेव्हा ओ द्यायला तिला जरा वेळ लागतो.

हॉटेलातून परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी तो केक कापला. पोरीसाठी मुद्दाम एक मोठा ठेवला. तिनं बशी एका बोटानं अर्धी फिरवली. माझ्याकडे बघून थोडं थांबली. मग लहान तुकडा उचलला आणि म्हणाली, "एवढंच बास."

मुलं आईच्या लकबी उचलतात, मला माहीत आहे. मी स्वतःला हे रोज सांगते. पण आमच्या वाटणीचा खेळ ती घरी कधी खेळली नव्हती, धाकटी तिला अख्खंच द्यायची. मी टेप लावून, सुतात सूत कापून बघितलं. ती बशी फिरवते, बघते, आणि त्यातलाही लहान तिला बरोबर सापडतो. बटणं ती खालून वर लावते. वरचं एक उघडंच ठेवते. कितीही थंडी असो, ते लावू देत नाही.

ती माझ्यावर माया करते. मी दमून आले की चहा करून देते, पाय चेपते. धाकटी करायची तसंच सगळं. मला माझी बहीण हवी होती, आठ महिने हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्या खोलीत मी ओरडले ते पोरीसाठी ओरडले. धाकटीनं त्या दिवशी काय उचललं आणि माझ्यासाठी काय ठेवलं, हे विचारायला मी तोंड उघडते आणि मिटते.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी पावाचा एक मोठा तुकडा कापून टेबलाच्या कडेला ठेवते. कधीतरी कुणी न बघता त्याच्यावर झडप घालेल आणि "मोठा माझा!" म्हणून ओरडेल, म्हणून. संध्याकाळपर्यंत तो वाळून कडक होतो. मग मी तो उचलते आणि ताजा कापून ठेवते.